सह्याद्रीच्या रांगांची गोधडी: चौकटीच्या वहीपासून पांघरुणापर्यंत

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, आपल्याकडे ती बहुतेक घरांत हाताला लागेल त्या कपड्यातून होत आली. जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक, वर ठिगळं आणि सगळं धरून ठेवणारा धावदोरा. नक्षी अशी कुणी ठरवून काढत नसे, ती होत जायची. इथे आपण वरचा थर मात्र ठरवून करणार आहोत: आधी कागदावर आखून, मग तुकडे बेतून आणि जोडून. आतले थर आणि टाके आजीच्याच पद्धतीचे.

नक्षी साधी आहे. पावसाळा सरल्यावर घाटमाथ्यावर उभं राहून पाहिलं, तर जवळचा डोंगर काळसर दिसतो, त्यामागचा निळा, त्यामागचा राखाडी आणि शेवटचा आभाळात जवळजवळ विरघळलेला. रांगेमागे रांग फिकट होत जाते. हेच आपण कपड्यात करायचं. यात रंग कोणता हे दुय्यम आहे. कोणता कपडा कोणापेक्षा गडद, एवढं नीट ठरलं की डोंगर आपोआप उभे राहतात. म्हणून महागडं कापड आणण्याची गरज नाही. रांगांसाठी घरातले 13 जुने सुती कपडे पुरतात.

आधी वही

शाळेची चौकटीची गणिताची वही घ्या. एक चौकट म्हणजे 6 इंच. आडव्या 10 आणि उभ्या 14 चौकटींचा आयत आखा. ही झाली 60 बाय 84 इंचांची, म्हणजे 5 बाय 7 फुटांची एका माणसाची गोधडी. बाहेरची एक-एक चौकट चहूबाजूंनी काठासाठी सोडा. आत उरल्या 8 बाय 12, म्हणजे 96 चौकटी.

आता या प्रत्येक चौकटीत एक तिरपी रेघ. पहिल्या चौकटीत ती डावीकडून उजवीकडे चढती, दुसरीत उतरती, तिसरीत पुन्हा चढती. रेघेच्या खालचा त्रिकोण पेन्सिलीने भरा. दोन चौकटींत मिळून एक डोंगर झाला आणि एका ओळीत चार डोंगर. खालच्या ओळीतही हेच, शिखराखाली शिखर येईल असं. ओळीतलं आभाळ मात्र वेगळ्या कपड्याचं नाही: वरच्या ओळीत जो कपडा डोंगर होता, तोच खालच्या ओळीत डोंगरामागची जागा भरतो. त्यामुळे दोन ओळींमधली शिवण डोळ्याला दिसत नाही आणि कपड्याची एक अखंड नागमोडी रांग तयार होते.

एखादी ओळ एका चौकटीने सरकवून पाहा. खिंडीखाली शिखर आलं की रांग तुटते आणि तिच्या जागी सुट्या शंकरपाळ्या दिसू लागतात. तीही नक्षी सुंदर आहे, पण ती वेगळी गोधडी. आपल्याला रांगा हव्यात, तेव्हा शिखराखाली शिखर.

इथपर्यंत जे आखलं ते कुणीही आखेल. तुमचं काय, ते आता ठरवा. दख्खनचे डोंगर काळ्या पाषाणाचे, थरावर थर बसलेले, म्हणून त्यांचे माथे पुष्कळदा सपाट असतात. तुमच्या रांगेत असा एखादा गड बसवायचा असेल, तर दोन शेजारच्या डोंगरांमधल्या खिंडीच्या दोन चौकटींत तिरपी रेघ काढू नका. त्या पूर्ण डोंगराच्याच कपड्याच्या ठेवा. चढण, मग दोन चौकटींचा सपाट माथा, मग उतार. वहीच्या त्या पानाच्या चार-पाच झेरॉक्स काढा आणि गड वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहा. माझं मत विचाराल तर साऱ्या गोधडीत दोन किंवा तीन गड पुरे. ते एकाखाली एक नकोत, आणि एक तरी मधोमध न ठेवता कडेला सरकवा. दर ओळीत गड आला की नजर कुठेच थांबत नाही.

पहिल्याच वेळी एवढा पसारा नको वाटत असेल तर 36 बाय 36 इंचांचं बाळाचं दुपटं करा. आत 4 बाय 4 चौकटी, भोवती 6 इंचांचा काठ, कपडे फक्त 5. रीत तीच. फक्त दर मोजणीत 12 रांगांऐवजी 4 आणि रांगेतल्या 8 घरांऐवजी 4 घरं. घर म्हणजे दोन त्रिकोण जोडून झालेली एक चौकट.

कपडे निवडणं

या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ इथे घालवा. पुरुषांचे सुती शर्ट, कुर्ते, ओढण्या, सुती साड्या, चादरींची धड टोकं, सगळं बाहेर काढा. टेरिकॉट, नायलॉन, जॉर्जेट बाजूला. अशा कपड्यांना घाम जिरत नाही, सुईखाली ते सरकतात आणि इस्त्रीखाली चुरमडतात. शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून टोकाला कडक मणी धरतो.

मग कपड्याची ताकद. कापड उजेडासमोर धरा. जिथे जाळीसारखं दिसेल तो भाग वरच्या थराला घेऊ नका. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड आडवं आणि उभं ताणा. कुरकुर ऐकू आली किंवा धागे विरळ झाले तर तो कपडा आतल्या थरात. साडीत निऱ्यांचा खालचा भाग आणि फॉलच्या वरची पट्टी लवकर विरते. पहिल्या वेढ्यात कमरेला आत जाणारं टोक मात्र बरेचदा सगळ्यात धड निघतं. एकाच गोधडीत करकरीत नवं कापड आणि विरत आलेलं कापड शेजारी शेजारी जोडू नका. नवं कापड ओढ घेतं आणि जुनं शिवणीशी फाटतं.

सगळं धुवा. खळ असेल तर ती निघू द्या, नवं कापड असेल तर ते आटू द्या. लाल, गडद निळा आणि काळा कपडा ओला करून त्यावर पांढरं फडकं घासा. फडक्यावर रंग उतरला तर तो कपडा पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा आणि तरीही रंग जात असेल तर सरळ वगळा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. एका शर्टाच्या रंगाने साऱ्या रांगा डागाळतात.

आता गडद-फिकटाची रांग लावायची. कपड्यांच्या घड्या जमिनीवर ओळीने मांडा, दिवसाच्या उजेडात, आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. हा फोटो चकित करतो. डोळ्याला ठळक वाटणारा लाल आणि त्याच्याशेजारचा हिरवा फोटोत अगदी एकाच राखाडीचे निघतात. त्यांना शेजारी ठेवलं तर गोधडीत लांबून डोंगर दिसणार नाही. फोटो पाहून घड्या हलवा, पुन्हा फोटो काढा. सगळ्यात फिकट कपडा 0, सगळ्यात गडद 12, असे आकडे पडले की प्रत्येक घडीवर कागदाची चिठ्ठी टाचा. चौकड्या, रेघा, फुलं असलेले कपडे जरूर घ्या, पण दोन चौकड्या एकमेकींना लागून आल्या तर डोंगराची कड हरवते. छापील कपड्याच्या दोन्ही बाजूंना शक्यतो साधा कपडा ठेवा. सगळ्या निळ्या छटा जमवण्याचा हट्टही नको. मधूनच एखादी गेरूची किंवा हळदी रांग आली, तर संध्याकाळचं ऊन पडल्यासारखी ती उठून दिसते. तिची गडद-फिकटाची जागा तेवढी बरोबर हवी.

बेतणं आणि कापणं

हत्यारं फार नाहीत: फक्त कापडासाठी राखलेली धारदार कात्री, 24 इंची पट्टी, शिंपीखडू, टाचण्या, इस्त्री. आणि फाइलीच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून कापलेला बरोबर 7 इंचांचा चौकोन, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मार्करने एक तिरपी रेघ. हा साचा सगळ्या गोधडीचा आधार आहे. तो काटकोनात आहे का, हे वहीच्या पानाच्या कोपऱ्यावर ठेवून तपासा.

प्रत्येक कपड्यातून 8 इंचांचे चौकोन कापायचे. 0 आणि 12 या टोकाच्या कपड्यांतून 4-4, बाकी 11 कपड्यांतून 8-8. बेरीज 96. एका मोठ्या मापाच्या शर्टाच्या पाठीतून पाच-सहा आणि पुढच्या दोन पाखांतून उरलेले निघतात. कापताना चौकोनाची एक बाजू कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा. उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी, कापलेली कड ताणली जाते, आणि 96 ठिकाणी ताणलेली कड म्हणजे मधोमध फुगवटा.

गडासाठी लागणारे साधे तुकडे 7 इंचांचे, डोंगराच्या कपड्याचे, प्रत्येक गडाला दोन. ज्या रांगेत गड आहे त्या रांगेच्या आठ त्रिकोणी घरांतली दोन उरतील. ती टाकू नका. रंग आणि मापं तपासायला कामाला येतात.

कापून झालं की प्रत्येक रांगेची वेगळी पिशवी करा. पहिल्या पिशवीत 0 चे चार आणि 1 चे चार चौकोन, दुसरीत 1 चे चार आणि 2 चे चार, अशा 12 पिशव्या. आकडा पिशवीवर लिहा.

दोन रंगांचं घर

पिशवीतला एक फिकट आणि एक गडद चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवा. फिकट कपड्याच्या उलट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. या रेघेच्या दोन्ही अंगांना अर्ध्या इंचावर टीप मारा. मग रेघेवर कापा. उघडलं की हातात दोन घरं, दोन्ही अर्धी फिकट आणि अर्धी गडद. चार जोड्यांतून रांगेची आठ घरं होतात.

आधी शिवून मग कापायचं याला कारण आहे. तिरपी कड ही उरेब. सुटी असताना ती बोटांनी धरली तरी ताणते. शिवून घेतली की दोन टिपा तिला धरून ठेवतात. आणि बाहेरच्या चारही कडा उभ्या-आडव्या धाग्यावर राहतात, त्यामुळे पुढे जोडताना घर वाकडं होत नाही.

शिवण अर्ध्या इंचाची ठेवा. कोऱ्या कापडाला पाव इंच पुरला असता; जुन्या कपड्याचे धागे सुटतात, तिथे पाव इंचाची शिवण दोन धुण्यांत उसवते. मशीनवर सुईपासून बरोबर अर्ध्या इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत न्या. हातानेच शिवणार असाल तर बारीक धावदोरा घाला आणि दर चार-पाच टाक्यांनी एक उलट टाका घ्या, शिवण पक्की होते.

घर उघडून शिवण गडद बाजूला दाबा. इस्त्री वरून खाली टेकवायची आणि उचलायची, घासत न्यायची नाही. नुसतं शिवलेलं घर साधारण सव्वासात इंच भरतं. त्यावर 7 इंचांचा साचा ठेवा, साच्यावरची तिरपी रेघ शिवणीवर बरोबर बसवा आणि चारही बाजूंनी जास्तीचं छाटून टाका. ही छाटणी कंटाळवाणी वाटते, पण शिखरं टोकदार येतात ती हिच्यामुळेच. कोपऱ्यात शिवण बरोबर टोकातून गेली पाहिजे. साचा सूतभर जरी सरकला तरी पुढे शिखराचं टोक कापलं जाईल किंवा दोन उतार एकमेकांना न भेटताच संपतील.

रांगा जोडणं

वही समोर ठेवा. आठ घरं जमिनीवर क्रमाने मांडा: चढण, उतार, चढण, उतार. गडद त्रिकोण कायम खाली. गड असेल तिथे उताराच्या आणि पुढच्या चढणीच्या जागी साधे तुकडे. मांडलेल्याचा एक फोटो ठेवा, कारण मशीनपर्यंत नेताना घर हमखास फिरतं.

चढण आणि उतार जोडताना दोघांच्याही तिरप्या शिवणी वरच्या कोपऱ्यात एकमेकींवर आल्या पाहिजेत. तिथे एक टाचणी आरपार, सरळ उभी टोचा. ती वरच्या तुकड्याच्या शिवणीतून आत जाऊन खालच्याच्या शिवणीतूनच बाहेर येते का, ते पाहा. मगच बाजूच्या टाचण्या लावा. रांग पुरी झाली की पहिल्या रांगेच्या उभ्या शिवणी सगळ्या डावीकडे दाबा, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. रांगेला रांग लावताना उलटसुलट दाबलेल्या शिवणी एकमेकींत अडकतात आणि जोड जागच्या जागी बसतो.

रांग मोजा. ती 8 गुणिले 7, म्हणजे 56 इंच भरायला हवी असं काहींना वाटेल, पण तसं नाही. 8 घरं गुणिले 6 म्हणजे 48, अधिक दोन टोकांचा अर्धा-अर्धा इंच, एकूण 49 इंच. कमी भरली तर शिवण जाड गेली. प्रत्येक शिवणीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्त गेला, तर एका घराचं दोन्ही बाजूंनी मिळून पाव इंच जातं आणि आठ घरांत रांग जवळजवळ दोन इंचांनी आखूड होते. पहिलीच रांग 49 ला अर्ध्या इंचापेक्षा जास्त चुकत असेल तर चिकटपट्टी सरकवा आणि ती रांग उसवून पुन्हा शिवा. बाकीच्या अकरा तिच्या मापाने जुळवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

रांगेला रांग लावताना शिखरांची काळजी घ्या. शिखराचं टोक कापडाच्या वरच्या कडेपासून बरोबर अर्धा इंच खाली असतं, आणि उलट बाजूने पाहिलं तर तिथे शिवणी एकमेकींना छेदून फुलीसारखी खूण दिसते. टीप त्या फुलीच्या अगदी मधोमध न नेता एक धागा वरून, कडेच्या बाजूने न्या. टोक शाबूत राहतं. म्हणून खालच्या रांगेची, म्हणजे जिची शिखरं या जोडाला येतात तिची, उलट बाजू मशीनवर वर ठेवा, म्हणजे फुल्या दिसत राहतील.

बारा रांगा जोडल्यावर मधला भाग 49 बाय 73 इंच होतो. भिंतीवर टाचून लांबून पाहा.

काठ

काठासाठी जुन्या इरकलीचा किंवा नऊवारीचा काठ मिळाला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तो साडीच्या लांबीला समांतर कापलेला असतो, म्हणून ताणत नाही, आणि त्याचं विणकाम अंगापेक्षा घट्ट असतं. काठ अरुंद असेल तर त्याच्यालगतचं साडीचं अंग धरून 7 इंचांची पट्टी कापा.

पट्टी किती लांब, हे गोधडीच्या कडेवर मोजू नका. कड ताणलेली असते. मधोमध उभं मोजा. 73 आलं तर 73 च्या दोन पट्ट्या, दोन्ही लांब बाजूंना. त्या लावल्यावर मधोमध आडवं मोजा. ते 61 च्या आसपास येईल, तेवढ्या दोन पट्ट्या वर आणि खाली. कड पट्टीपेक्षा थोडी मोठी भरली तर ती पट्टीवर टाचण्यांनी सारखी वाटून बसवा. लांब पट्टी लावून टोक शेवटी छाटायची पद्धत टाळा, काठाला लाटा येतात.

थर

अस्तराला एक धड पाचवारी सुती साडी पुरते. 88 इंचांचे दोन तुकडे कापून लांबीला जोडा आणि 64 इंच रुंद ठेवा, म्हणजे चारही बाजूंना दीड-दीड इंच जास्त. आतल्या प्रत्येक थरालाही साधारण एक पाचवारी लागते. नऊवारीतून दीड थर निघतो. आतल्या साड्यांचा काठ, जर आणि फॉल काढून टाका, त्यांची उंचवट्यासारखी रेघ वर उमटते. आतले तुकडे एकमेकांना शिवायची गरज नाही, कडा बोटभर एकावर एक ठेवल्या तरी चालतं. फक्त एका थराचा जोड दुसऱ्याच्या जोडावर येऊ देऊ नका.

किती थर? मुंबई-कोकणात एक पुरे. पुण्या-सातार्‍याच्या हिवाळ्याला दोन-तीन. निफाडसारख्या थंडीला चार घालता येतील, पण तेवढ्या जाडीतून हाताने टाका घालणं नवख्याच्या बोटांना जड जातं. पहिल्या गोधडीला दोनच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. बर्फाच्या देशात राहणाऱ्यांनी साड्यांचे थर वाढवण्यापेक्षा सुती किंवा लोकरी बॅटिंगचा, म्हणजे गोधडीत भरायच्या तयार जाड पत्र्याचा, एक थर घालावा. ऊब जास्त मिळते आणि धुताना मशीनला पेलतं.

फरशी पुसून कोरडी करा. अस्तर उलट बाजू वर करून पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने फरशीला लावा, सुरकुती नको पण ओढही नको. त्यावर आतले थर, त्यावर नक्षीचा थर सुलट. प्रत्येक थर तळहाताने मधून बाहेर सारखा करा. मग मोठ्या सुईने लांब कच्चे टाके: मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ, नंतर तिथून बाहेर, ओळींमध्ये वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. शेजारची एखादी बाई मदतीला आली तर हे काम एका दुपारी होतं. एकट्याने वाकून पाठ धरते.

धावदोरा

पारंपरिक गोधडी काठाकडून मध्याकडे, चौकोनात चौकोन घालत शिवतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही अशीच कडेपासून आत येते, कारण तिथे ठिगळं शिवता शिवताच बसवली जातात आणि जागा पाहून पुढचं ठिगळ ठरतं. आपला वरचा थर मात्र आधीच जोडून तयार आहे. तो कडेकडून शिवत आलो तर सगळं सैल कापड मधोमध गोळा होईल. म्हणून इथे मधल्या रांगेपासून सुरुवात करून वर आणि खाली जायचं, काठ सगळ्यात शेवटी.

दोरा जाड सुती, मोठ्या नेढ्याची लांब सुई, मधल्या बोटात अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी). दोरा हातभरच घ्या; लांब घेतला की गुंततो आणि विरतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढला तर गाठी कमी पडतात. गाठ मारून सुई वरच्या थरातून आत घाला, थोड्या अंतरावर बाहेर काढा आणि हलकाच झटका द्या. टक असा बारीक आवाज होऊन गाठ आत जाते. टाके पाव इंचाचे, वर आणि खाली सारखे. डावा हात गोधडीखाली ठेवा. सुईचं टोक खालच्या बोटाला जेमतेम लागलं की टाका अस्तरापर्यंत पोचला असं समजा आणि सुई वर वळवा. सुईवर तीन-चार टाके जमले की एकदम ओढा. दोरा एवढाच ओढायचा की टाक्याभोवती कापड किंचित दबेल. चुणी पडली तर जास्त ओढला.

टाक्यांच्या ओळी डोंगरांनाच समांतर न्या. पहिली ओळ कडेला लागून, मग दीड-दीड इंचाने खाली आणखी दोन, तेवढ्यात पुढची रांग येते. गडावर ओळही सपाट चालते. आखायला वेगळं काही लागत नाही, शिवणीच वाट दाखवतात. शिखराशी शिवणींची जाडी साठलेली असते, तिथे एकेक टाका घ्या. काठावर मात्र चौकोनी फेरे घाला. कपाशीचा कापूस सरकतो तशा साड्या सरकत नाहीत, म्हणून ओळी लांब लांब घातल्या तरी चालेल असं वाटतं. पण आतली जुनी साडी दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेतच फाटते. दीड इंचापेक्षा फार दूर जाऊ नका. सगळ्या ओळींना मिळून सव्वाशे मीटर दोरा लागतो. एकाच छटेचा आधीच आणून ठेवा.

गोट

शिवण पुरी झाली की कच्चे टाके उसवा आणि चारही कडा पट्टी लावून सरळ छाटा. गोटासाठी, म्हणजे कडेवरून दुमडून शिवायच्या पट्टीसाठी, 3 इंच रुंद पट्ट्या, तिरपा जोड देत, एकूण 300 इंच लांब. कडा सरळ आहेत, त्यामुळे उरेब पट्टी लागत नाही. कोपरे गोल करायचे असतील तरच उरेब. पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा, दुमडीची बाजू आत आणि मोकळ्या कडा गोधडीच्या कडेला लावून सुलट बाजूने अर्ध्या इंचावर शिवा. कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबा, दोरा पक्का करा, पट्टी सरळ वर दुमडा म्हणजे तिरपी घडी पडेल, मग त्याच कडेवर ती खाली आणून पुढची बाजू शिवायला घ्या. नंतर पट्टी मागे उलटून हाताने हेमिंग करा. कोपऱ्यात घडी आपोआप नीट बसते. कवंदीला चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावतात. तशी लावायची असतील तर गोट शिवताना त्याखाली धरून घ्या, नंतर लावलेली सुटतात.

धुणं आणि डागडुजी

पहिल्यांदा गार पाण्यात, सौम्य साबणाने, भिजत न ठेवता धुवा. ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर टांगली तर तिच्या वजनाने टाके ताणले जातात. दोन समांतर दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. पिळू नका. ठेवताना दरवेळी घडी वेगळ्या जागी घाला, नाहीतर त्याच रेघेवर कापड विरतं. वाळलेला कडुलिंबाचा पाला घड्यांत ठेवला तर चालतो, पण तो कापडात गुंडाळून, त्याचे डाग पडतात.

काही वर्षांनी एखादं घर फाटेल. बहुधा ते तुमच्या सगळ्यात जुन्या शर्टाचं असेल. त्यासाठी प्रत्येक कपड्याचा उरलेला वीतभर तुकडा आत्ताच एका पिशवीत भरा, आणि गोधडी धुवाल त्या प्रत्येक वेळी ते तुकडेही सोबत धुवून त्याच उन्हा-सावलीत वाळवा. मग ठिगळ लावताना रंग तेवढाच उतरलेला मिळेल.